मिश्रीचं विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईच्या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची ठरली. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण आईच्या फिजिओथेरपिस्ट म्हणून तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं. मणक्यात एकदा स्क्रू-रॉड बसलेत, आता परत दुखतंय, पुन्हा करायचं की नाही, या घोळात अडकलेली घरं सांगली-मिरजेत पुष्कळ आहेत, आणि त्यांना सल्ले देणारे त्याहून जास्त. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

आमच्याकडेही सल्ल्यांना तोटा नव्हता. मामा म्हणाले, एकदा मणका उघडला तो उघडला, आता परत हात लावायचा नाही. चुलत्यांनी हाडवैद्याचा पत्ता दिला. पुण्याच्या वहिनीचं म्हणणं, डॉक्टर करा म्हणतात ना, मग विचार कसला करायचा? सगळे मायेनंच बोलत होते. फक्त आईला काय होतंय, हे कुणी बसून ऐकलं नव्हतं.

तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलंत. कंबर जास्त दुखते की पाय? आणि कधी? आई म्हणाली, "मांडवाखाली हात वर केलं की पाय भरून येत्यात, मुंग्या येत्यात. खुरपायला बसलं की बरं वाटतंय." मला त्यात विशेष काही दिसलं नाही. तुम्ही मात्र लिहायचं थांबवलंत आणि तिला उठून ते करूनच दाखवायला लावलंत. तासगावकडच्या बायांना हे सांगायला नको: द्राक्षाची विरळणी म्हणजे मान मागे, हात वर आणि कंबर मागे कललेली, तीही दिवसभर. तुम्ही समजावलंत की अशा वेळी मणक्यातली नसांची वाट आणखी अरुंद होते आणि पुढं वाकलं की थोडी मोकळी होते. बाजारात आई दुकानाच्या फळीवर रेलून का उभी राहते, ते मला त्या दिवशी कळलं.

एमआरआयच्या अहवालात हेच होतं. एल-४ आणि एल-५ हे कंबरेतले मणके पहिल्या ऑपरेशनात जोडलेले. आता त्यांच्या वर, एल-३ आणि एल-४ च्या मध्ये नस दबलेली. जोडलेला भाग हलत नाही, मग त्याच्या वाटणीचा ताण शेजारच्या सांध्यावर येतो आणि काही जणांत तो लवकर झिजतो. म्हणजे पहिलं ऑपरेशन फसलं असाच त्याचा अर्थ होत नाही, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. आईच्या मनावरचा निम्मा भार तिथंच उतरला.

पण माझे खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी आहेत. व्यायाम चालू ठेवले, मध्ये सर्जननी नसेजवळ इंजेक्शनही दिलं. थोडे दिवस बरं गेलं आणि आईचं चालणं पुन्हा कमी होत गेलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मावशी, माझ्या व्यायामानं ताकद टिकेल, पण दबलेली नस सुटेल असं मला आता वाटत नाही. परत सर्जनकडे जा." ज्यांचं पोट व्यायामावर चालतं त्यांनी हे सांगावं, याचं मला अजून नवल वाटतं.

जाताना काय विचारायचं तेही सांगितलंत. जुनं हाड नीट जुळलंय का, हे सीटी स्कॅनमध्ये दिसतंय का? पुढं-मागं वाकवून काढलेल्या एक्स-रेत वरचा मणका सरकतोय का? नुसती नस मोकळी करून भागेल, की तोही सांधा जोडावाच लागेल? थांबलो तर काय होईल? आणि एक ताकीद दिलीत: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर घरात चर्चा करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी दवाखाना काढल्यापासून मिरजेला दुखणी घेऊन येणारी माणसं आहेत, दुसरं मत घ्यायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. दोन्ही सर्जनचं म्हणणं जवळपास एकच निघालं: जुनं हाड पक्कं जुळलंय, वरचा मणका मात्र सरकतोय, तो जोडावा लागेल.

आणि मिश्री! कागदावर प्रश्न होता धूम्रपानाचा. आम्ही "नाही" लिहिलं, ते खोटंही नव्हतं. तुम्ही आईच्या दातांकडे बघून विचारलंत, "मावशी, मिश्री लावता?" ती लाजली. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन हाड जुळायला अडथळा आणतं. स्क्रू आणि रॉड नुसते धरून ठेवतात, जुळायचं ते हाडानंच. आईला हे पटवायला तुम्ही डॉगरिजवर, म्हणजे द्राक्षाच्या खुंटावर, बांधलेल्या कलमाचं उदाहरण दिलंत: पट्टी कितीही घट्ट बांधा, काडी जुळली नाही तर कलम गेलं. द्राक्षवाल्या बाईला याहून काय सांगायचं? त्याच आठवड्यात मिश्रीचा डबा घरातून गेला. तो चुलतीकडे गेलाय हे मला नंतर कळलं, तेव्हा पुढची पेशंट कोण असेल याचा अंदाज घेऊन ठेवा. हाडांची घनता आणि साखर तपासायचीही तुम्हीच आठवण केलीत; दोन्ही ठीक आहेत.

शेवटी निर्णय आईनं घेतला. तुम्ही तिला स्पष्ट सांगितलं होतं की पायाचं दुखणं कमी व्हायची आशा जास्त आहे, कंबर मात्र आखडलेली राहील, कदाचित थोडी जास्तच. आणि दुसऱ्या वेळी धोकाही पहिल्यापेक्षा जास्त असतो. ती म्हणाली, "कंबर राहू दे तशीच. मला मळ्यापतूर चालत जायचंय." मामा अजून रुसलेले आहेत. रुसू देत.

सर्जननी परवानगी दिली की व्यायामाला तुमच्याकडेच येणार. सोबत बेदाणा पाठवला आहे, घरच्याच बागेतला. परत पाठवू नका, आई तो पुन्हा तुमच्या दारात आणून ठेवेल आणि तेवढं चालणं तिला सध्या जमत नाही.

आपली,
एका पेशंटची मुलगी, विश्रामबाग, सांगली