आधी कोड दाखवा, मग पुसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की आपण गाडी गॅरेजला देतो आणि दिवा विझला की बिल भरून मोकळे होतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. यंदा मात्र तो दिवा तीनदा लागला, म्हणून हे पत्र.

पहिल्या खेपेला स्कॅनर लावून 'ऑक्सिजन सेन्सर गेलाय' असे सांगण्यात आले. हा सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा अंदाज गाडीच्या कॉम्प्युटरला देतो. सेन्सर बदलला, कोड (कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा क्रमांक) पुसला. आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या खेपेला कोड नुसताच पुसून गाडी परत दिली. तिसऱ्या खेपेला मी गाडी नेलीच नाही. ओबीडीची, म्हणजे गाडीतल्याच बिघाड-तपासणी यंत्रणेची, यूएसबी केबल आणली, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या नव्या पेट्रोल मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. ती फक्त गॅरेजवाल्यांसाठी आहे असा माझा उगाचच समज होता.

कोड होता पी०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. सेन्सर बिघडलाय असे हा कोड म्हणतच नाही. जुना सेन्सर बहुधा खरे तेच सांगत होता, आणि आम्ही त्यालाच काढून टाकले.

मग चालू इंजिनाचे आकडे पाहिले. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, फ्युएल ट्रिम अधिक २१ टक्के, म्हणजे कॉम्प्युटर आपल्या हिशेबापेक्षा तेवढे जास्त पेट्रोल ओतत होता. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरले, तर आकडा ५ वर उतरला. ही खूण चोरून शिरणाऱ्या हवेची. आयडलला इंजिन हवा थोडीच घेते, त्यामुळे फटीतून येणारी हवा त्यात मोठा वाटा खाते. फेऱ्या वाढल्या की तीच गळती नगण्य होते. बॉनेट उघडून, पंख्यापासून हात लांब ठेवत एकेक नळी चाचपली. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याला, जाणारी करंगळीएवढी रबरी नळी वरून धडधाकट दिसत होती, पण क्लिपजवळ जरा वाकवली आणि चीर उघडली. तिच्यावर बोट दाबून धरले. लॅपटॉपपाशी बसलेला मुलगा ओरडला, "आई, आकडा उतरतोय!" नळी बदलल्यावर दिवा लागलेला नाही.

मेकॅनिक मंडळींशी माझे भांडण नाही. त्यांच्या हाताला जे कळते ते मला कळणार नाही. पण कोड पुसला की त्याच्याबरोबर 'फ्रीझ फ्रेम'ही जाते. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या किती, पाणी किती तापलेले, गाडीचा वेग किती, हे सगळे तिच्यात असते. शिवाय गाडीच्या काही स्वयंतपासण्याही शून्यापासून सुरू होतात आणि पुरेशी गाडी फिरवल्याशिवाय पुऱ्या होत नाहीत. म्हणजे पुढे तपासणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: कोड पुसण्याआधी तो कोड आणि फ्रीझ फ्रेम यांची प्रत गाडीमालकाला द्यावी. प्रिंट नसेल तर स्क्रीनचा फोटो चालेल. वाहनधारकांनीही गाडी ताब्यात देतानाच तो मागून ठेवावा. माझ्या पहिल्या दोन खेपांची नोंद आज कुणाकडेच नाही.

आपली नम्र,
एक वाहनधारक