सीडीवाल्या भाऊंना थँक्यू, उशिराच सही

भाऊ, नमस्कार.

नाव टाकत नाही इथं, तुम्हाला ते चालणार नाही हे माहीत आहे. पण झेरॉक्स, पासपोर्ट फोटो अन् सीडी रायटिंग असा बोर्ड लावलेलं दुकान म्हटलं की आमच्या भंडाऱ्याकडच्या बऱ्याच लोकांना तुम्हीच आठवाल, तेवढं पुरे.

आता एवढ्या वर्षांनी हे काहून लिहून राहिली म्हणाल, तर झालं असं की आत्याच्या पोरानं परवा बाबांच्या नाटकाचं रेकॉर्डिंग मागितलं. बाबा आता नाहीत, तुम्हाला कळलंच असेल. आलमारीतून ओरिजिनल तीन डीव्हीडी काढल्या तर एक लॅपटॉपला दिसतच नाही, दुसरी अर्ध्यात अडकून बसते, आणि तुम्ही मला करायला लावलेल्या सीड्या मात्र एकूण एक उघडल्या. त्याच रात्री ठरवलं की भाऊंना लिहायचं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. २००७ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच, अन् मंडईच्या रात्री नाटक असतेच, वडसा भागातल्या मोठ्या कंपन्यांचं नाही तर गावच्या पोरांचं. रात्री दहाला पडदा उघडते ते कोंबडं आरवेपर्यंत. आमच्या गावच्या मंडळाच्या नाटकात बाबा पेटीवर बसायचे. त्या वर्षी मंडळानं व्हिडिओवाला बोलावला, त्यानं सहा तासांचं रेकॉर्डिंग तीन डीव्हीडीत भरून दिलं अन् गेला. आमच्या घरी होता व्हीसीडी प्लेअर, म्हणजे फक्त सीडीवरचा व्हिडिओ दाखवणारा, त्यात डीव्हीडी टाकली की नुसतं ‘नो डिस्क’. नातेवाइकांकडेही सगळीकडे तेच. घरचा कॉम्प्युटर लहान भावाच्या एमएससीआयटीसाठी घेतलेला असेम्बल पीस, त्यात कॉम्बो ड्राइव्ह, म्हणजे डीव्हीडी वाचणार पण लिहिणार फक्त सीडी.

मी पैसे घेऊनच आले होते तुमच्याकडे. तुम्ही डिस्क उलटीपालटी करून पाहिल्या अन् म्हणाले, “पोरी, मी करून देतो, पन मंग प्रत्येक नातेवाइकापाई मले पैसे देत बसशीन. घरी कॉम्प्युटर हाये ना? बस इथं, दाखवतो.” स्वतःचं गिऱ्हाईक असं हातानं परत पाठवणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही फार नाही पाहिले.

मग तुम्ही जे सांगितलं ते आजही पाठ आहे. डीव्हीडीत ४.७ जीबी मावते अन् सीडीत ७०० एमबी, म्हणजे नुसती कॉपी पेस्ट करून काही होत नाही. डीव्हीडीच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या त्या व्हीओबी फाइली, ज्यात खरं नाटक असते, एकेक १ जीबीपर्यंतच्या, एक अख्खी फाइलसुद्धा सीडीत बसत नाही. म्हणून एमपेग-१ या कमी जागेत बसणाऱ्या व्हिडिओच्या प्रकारात कन्व्हर्ट करून व्हीसीडी बनवायची. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, व्हीसीडीचं ३५२ बाय २८८, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, हे तुम्ही आधीच तोंडावर सांगून टाकलं की क्लिअर येणार नाही, मागाहून रडू नको. आवाजाच्या नोंदीचा वेग (सॅम्पलिंग रेट) ४८ चा ४४.१ किलोहर्ट्झ करायचा, नाहीतर साधे प्लेअर नखरे करतात. एका सीडीत ८० मिनिटं. सहा तासांच्या पाच सीड्या होतात, पण मिनिटं मोजून कापायचं नाही तर प्रवेश संपून पडदा पडला तिथंच कापायचं, हे सुचायला मात्र स्वतः रात्र रात्र नाटक पाहिलेला माणूस लागते. नुसतं मिनिटावर कापलं असतं तर खलनायकाचं अर्धं हासणं एका सीडीत अन् अर्धं दुसऱ्या!

एक गोष्ट तर मला जादूच वाटली होती. तयार झालेली फाइल जवळपास ८०० एमबीची अन् सीडी ७०० ची, तरी बसली. तुम्ही कागदावर लिहून समजावलं. डेटा सीडीत प्रत्येक खणात २०४८ बाइट माल अन् बाकी जागा चुका दुरुस्त करायच्या कोडला, व्हीसीडीत तो जास्तीचा कोड काढून २३२४ बाइट मालच भरतात, कारण व्हिडिओत एखादा ठिपका क्षणभर चुकला तर कोणाचं काही बिघडत नाही. पण म्हणूनच, तुम्ही लगेच पुढं म्हणाले, नुसत्या व्हीसीडीवर भरवसा ठेवायचा नाही, व्हीओबीचे तुकडे करून वेगळ्या डेटा सीड्याही करायच्या. एका डीव्हीडीला सहा-सात लागतात. मला तेव्हा तो फालतूचा खर्च वाटला, आईलाही. आज त्याच डेटा सीड्यांमधून पूर्ण क्वालिटीचं नाटक परत जोडता आलं भाऊ, चौथा हिस्सा नाही, अख्खं.

लोडशेडिंगचं काय सांगू. ज्यांनी ते दिवस आपल्या खेड्यांत काढले त्यांनाच कळेल, लाइन कधी येईल याच्यावर सगळं घर चालायचं. एका सीडीचं कन्व्हर्जन म्हणजे काही तासांचा मामला आणि युपीएस देणार दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यात फार तर नीट बंद करता येते. तुम्ही म्हणाले एकेका प्रवेशाची वेगळी फाइल कर, लाइन गेली तर तेवढाच तुकडा जाईल. रात्री लाइन आली की कॉम्प्युटर लावून झोपायचं, आई मधेच उठून पाहायची की पट्टी पुढं सरकून राहिली की नाही.

आणि बाबांची पेटी. हे मी तुम्हाला घाबरत घाबरत विचारलं होतं, की बाबा स्टेजच्या कोपऱ्यात बसलेले, व्हीसीडीत दिसतील का. तुम्ही तो भाग चालवून पाहिला, बोटं तर नुसता धब्बा होऊन गेली होती. दुसरा कोणी म्हणाला असता चालते, कोण पाहते. तुम्ही विचारलं प्लेअरच्या डब्यावर एसव्हीसीडी, म्हणजे व्हीसीडीहून जरा क्लिअर चित्राचा प्रकार, लिहिलं आहे का. भावाला फोन लावून पाहायला सांगितलं, लिहिलं होतं. मग फक्त नांदी अन् गाण्यांचे तुकडे एसव्हीसीडीत घ्यायला लावले, ४८० बाय ५७६, एमपेग-२, एका सीडीत जेमतेम पाऊण तास. त्याच्यात बाबांची बोटं दिसतात. मान हलवतात तेही दिसते. आईनं ती सीडी किती वेळा लावली त्याचा हिशेब नाही.

बारीक बारीक गोष्टीही तुमच्याच. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू नको, जुन्या प्लेअरच्या लेन्सला तिची चमक पुरत नाही, एकदाच लिहायची सीडी-आर घे. बर्न करताना ८ च्या स्पीडवर कर, दहाच मिनिटं लागतात, ५२ ची घाई कशाले. तेवढा वेळ दुसरं काही उघडायचं नाही, स्क्रीनसेव्हरही बंद. वरच्या बाजूला बॉलपेननं लिहायचं नाही, कारण सीडीचा चमकीचा थर लेबलच्या अगदी खाली असते, डीव्हीडीसारखा मधात नाही, खालून चरा गेला तर एकवेळ चालते पण वरून गेला की संपलं. उन्हात ठेवायची नाही, आतला रंग उडतो. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय अवस्था होते ते सांगायला नको, म्हणून सीड्या मातीच्या घरातल्या आतल्या खोलीत, आलमारीत, उभ्या ठेवलेल्या. तिथून त्या कधी हलल्याच नाहीत.

या सगळ्याचे तुम्ही किती घेतले? कोऱ्या सीड्यांचे पैसे. वर चहा तुमचाच. मी पैसे पुढं केले तर म्हणाले, “ठेव बाप्पा, तुह्या बाबाची पेटी आमी फुकटच आयकली ना आजवर.”

आता तुमच्या दुकानात सीडी रायटिंगचा बोर्ड नाही, ऑनलाइन फॉर्म अन् आधारची कामं चालतात असं ऐकलं, पोरगा पाहते म्हणे. त्यानं हे वाचून दाखवलं तर बरं होईल.

नाटक पूर्ण, गाणी वेगळी, सगळं एमपीफोर करून एका पेनड्राइव्हवर तुमच्यासाठी ठेवलं आहे. या वर्षी मंडईला या अन् घेऊन जा, काकूंनाही आणा. जेवल्याशिवाय आई सोडणार नाही, आणि या खेपेला पैशाचं नाव तुम्ही काढायचं नाही.

तुमची,
पेटीवाल्याची पोरगी