हिवाळ्यात तीर्थनच्या पाण्यात पाय घालू नका

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत हिमाचलला जाणाऱ्यांसाठी आपल्या पर्यटन पुरवणीत आलेला तीर्थन खोऱ्यावरचा लेख वाचला. राहण्या-खाण्याची माहिती चोख आहे. पण नदीत उतरावं, गोटे एकावर एक रचावेत आणि फोटो काढावेत, हा त्यातला सल्ला निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरता मागे घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. फ्लाय फिशिंगचा नाद नोकरीत असतानाच लागला. कोंबड्याच्या मानेची पिसं आणि रेशमी दोरा घेऊन बारीक गळावर किडा बांधायचा आणि तो ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या पुढ्यात पाण्यावर अलगद उतरवायचा. या फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी, आणि फ्लाय तिच्यामागून जाते. हातावर काम करणाऱ्या माणसाला यात किती आनंद मिळतो, ते सांगून कळायचं नाही. गळाचा उलटा काटा मी पकडीने दाबून सपाट करतो. हात ओले केल्याशिवाय माशाला धरत नाही, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग त्याला रोग धरतो. पाहून झालं की मासा परत पाण्यात. तीर्थनच्या काठी मी अनेकदा राहिलो आहे, आणि तिथल्या पाण्याचा तळ पाहत बसणं मला मासा लागण्याइतकंच आवडतं.

त्या तळाबद्दलच बोलायचं आहे. तीर्थन बर्फाच्या आणि पावसाच्या पाण्यावर वाहते, आणि तिचा तळ गोट्यांचा, खडीचा आहे. हिवाळ्याच्या तोंडाला ब्राउन ट्राउटची मादी डोह संपून पाणी उथळ होतं तिथे येते, कुशीवर होते आणि शेपटीच्या फटक्यांनी खडीत खळगा करते. त्यात अंडी घातली आणि नराने ती फळवली, की जरा वरच्या अंगाची खडी उडवून ती झाकते. खडीच्या फटींतून थंड पाणी खेळत राहतं, त्यातूनच अंड्यांना प्राणवायू मिळतो. पाणी पाच अंशांच्या आसपास असेल, तर पिलं फुटायला साधारण बारा आठवडे लागतात. फुटल्यावरही ती लगेच वर येत नाहीत. पोटाशी असलेल्या बलकावर आणखी काही आठवडे खडीतच काढतात. म्हणजे दिवाळी, नाताळ, नवं वर्ष, आपल्या सगळ्या सुट्ट्या नेमक्या या काळात येतात. आणि घोटाभर, स्वच्छ, खडीचं पाणी पाहून आपण जिथे मुलांना उतरवतो, ती जागा नेमकी तीच असते.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात यावर प्रयोग झाला होता. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. अंडी असलेल्या खडीवरून पूर्ण काळ दिवसातून दोनदा चाललं, तर ९६ टक्क्यांपर्यंत अंडी आणि पिलं मेली. पिलं फुटायच्या सुमारास एकदाच चाललं, तरी ४३ टक्क्यांपर्यंत गेली. पाणबूट घातलेल्या एका माणसाच्या पावलांचा हा परिणाम आहे. मग अख्खी बस उतरली तर काय होत असेल?

हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, ती याचसाठी. आम्ही परवानाधारक त्या काळात काठीला हात लावत नाही. पण गळ टाकायला बंदी आहे, पाय टाकायला नाही.

कुणी म्हणेल, ट्राउट तर इंग्रजांनी आणलेला मासा, त्याचं एवढं काय? खरं आहे. कुलू खोऱ्यात तो १९०९ च्या सुमारास काश्मीरमार्गे आला, आणि तिथल्या मूळच्या स्नो ट्राउटला त्याने त्रासही दिला असेल. पण त्याच गोट्यांच्या पोटाशी मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस या किड्यांच्या अळ्या चिकटून असतात. गोट्यांवरच्या शेवाळावर स्नो ट्राउट जगतो, या अळ्यांवर बुडी मारून तळाशी चालणारा डिपर पक्षी जगतो. मनोरा रचायला उचललेला प्रत्येक गोटा त्यांचं घर उघडं पाडतो. तीर्थन ज्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून येते, ते २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. उद्यानाच्या हद्दीत आपण पान तोडत नाही, आणि त्याच नदीत खाली गुडघाभर पाण्यात धिंगाणा घालतो, हे मला पटत नाही.

आपल्या लोकांना हे जमत नाही असं मुळीच नाही. महाडजवळ वाळणकोंडीला वरदायिनी देवीच्या आश्रयाने महसीर मासे निर्धास्त फिरतात, कारण तिथे मासा मारायचा नाही हे गावाने पाळलं आहे. पुण्याहून मुद्दाम तो डोह पाहायला जाणारे लोक तिथे हळू आवाजात बोलतात, ते मी पाहिलं आहे.

तीर्थनला गेलेल्यांनी काठच्या मोठ्या खडकांवर बसावं, पलीकडे जायचं तर पुलावरून जावं. उथळ पाण्याच्या तळाशी आजूबाजूच्या शेवाळी गोट्यांत एखादा लंबगोल, फिकट, स्वच्छ पट्टा दिसला, वरच्या अंगाला खळगा आणि खालच्या अंगाला उंचवटा, तर तिथे अंडी आहेत असं समजावं आणि मुलांना लांबूनच दाखवावं. मुलांना ते आवडतं, फोटोपेक्षा जास्त.

आपल्या पुरवणीत हिमाचलवरच्या लेखाखाली एवढ्या मजकुराची एक चौकट छापता आली तर पाहावं. नाताळच्या सहलींची बुकिंग दसऱ्यापासूनच सुरू होतात. चौकट त्याआधीच्या रविवारी आली तर उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर,
सहकारनगर, पुणे