आधी होडी उलटवायला शिकवा

प्रति, संपादक,
स. न. वि. वि.

शिडाच्या होडीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. वाऱ्याच्या तोंडावर साधारण ४५ अंशांच्या आत होडी का चालत नाही, वळताना आडवा दांडा डोक्यावर कसा येतो, सगळं नीट सांगितलंय. होडी उलटली तर? ‘घाबरू नये.’ संपलं.

अहो, घाबरायला होतंच! शिकायला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी मी पाण्यात होतो. वाऱ्याचा झोत आला, होडी कलली आणि मी शिडाचा दोर सोडायच्या ऐवजी मनगटाला गुंडाळून घेतला. सैल सोडला असता तर शीड नुसतं फडफडलं असतं आणि होडी सावरली असती. या वाहनाला ब्रेक म्हणून जे काही आहे ते तेवढंच. शिवाय लाइफ जॅकेटचे पट्टे उकडतंय म्हणून ढिले ठेवलेले. पडल्याबरोबर जॅकेट कानांपर्यंत वर आलं.

लहान मुलांना ऑप्टिमिस्ट नावाच्या सुमारे २.३ मीटरच्या छोट्या शिडाच्या होडीत बसवतात, तेव्हा पुष्कळदा ती मुद्दाम उलटवायलाच लावतात. मोठ्यांना तेवढी लाज वाटते. पण पहिल्या दिवशीच ते व्हावं. शांत पाण्यात, डोलकाठी चिखलात रुतणार नाही इतक्या खोलीवर, शिक्षकाची बोट शेजारी ठेवून. मग ती सरळ करायला शिडाचे दोर मोकळे करायचे, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक वाऱ्याकडे आणायचं, तळातून बाहेर आलेल्या फळीवर चढून मागे रेलायचं. आधी काही म्हणजे काही होत नाही, कारण शिडावर पाण्याचा भार असतो. मग होडी अशी झटक्यात उठते की माणूस पुन्हा पाण्यात! नाहीच उठली तर तिला धरून राहायचं. पट्टीच्या पोहणाऱ्यांना इथेच किनारा गाठायचा मोह होतो. पण लाटांत माणसाचं डोकं दुरून दिसत नाही, होडी दिसते.

मतलई वाऱ्याबद्दलही लेखात काही नाही. जमिनीकडून वारा सुटला की किनाऱ्यालगतचं पाणी अगदी सपाट दिसतं, नवख्याला वाटतं आजचा दिवस आपला. जाताना मजेत जातो, परतताना तोच वारा समोरून घेत नागमोडी यावं लागतं, आणि नेमकं तेच त्याला अजून जमत नसतं.

पुढच्या भागात चित्र द्यायचं असेल तर कृपया उलटलेल्या होडीचं द्या. पांढऱ्या शिडांचे फोटो पुष्कळ झाले.

आपला,
एक वाचक