पुरस्कार द्या, पण लढा सुरू असताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरण-न्याय (म्हणजे प्रदूषणाचा भार गरीब, दुबळ्या वस्त्यांवरच पडू नये हा आग्रह) आणि निसर्गसंवर्धन यांसाठी झटणाऱ्या तरुणांना निधी देणाऱ्या पुरस्कारांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. असे पुरस्कार आता बरेच झालेत. उत्तर अमेरिकेतल्या 13 ते 22 वयाच्या मुलामुलींसाठी 2000 सालापासून ब्राउअर युवा पुरस्कार आहे, 18 ते 30 वयाच्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘यंग चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ आहे, आणि पस्तिशीच्या आतल्या संवर्धकांना 50 हजार युरो देणारा नेदरलँड्सचा ‘फ्यूचर फॉर नेचर’ही आहे. हे पैसे तरुणांपर्यंत पोचतात याचा आनंदच आहे. माझी तक्रार आहे ती हे पैसे कधी आणि कशासाठी मिळतात याबद्दल.

नलेली कोबोचं उदाहरण बघा. लॉस एंजेलिसमध्ये तिच्या घरासमोर तेलविहीर होती. लहानपणीच डोकेदुखी, दमा आणि नाकातून रक्त येणं मागे लागलं. वयाच्या 9व्या वर्षापासून ती सभांमध्ये बोलू लागली. 2013मध्ये विहिरीचं काम थांबलं आणि 2020मध्ये ती कायमची बंद झाली. त्याच वर्षी, 19व्या वर्षी, नलेलीला कर्करोग असल्याचं निदान झालं. तळागाळातल्या पर्यावरण कार्यकर्त्यांना दिला जाणारा आंतरराष्ट्रीय गोल्डमन पुरस्कार तिला मिळाला तो 2022 साली. बॉल्टिमोरच्या डेस्टिनी वॉटफर्डनं शाळेत असताना, 17व्या वर्षी, वस्तीजवळ येऊ घातलेल्या कचरा जाळण्याच्या प्रकल्पाविरुद्ध घरोघरी फिरायला सुरुवात केली. मार्च 2016मध्ये प्रकल्पाचा परवाना संपुष्टात आल्याचं सरकारनं जाहीर केलं आणि पुढच्याच महिन्यात गोल्डमन पुरस्कार तिच्या नावावर जाहीर झाला. दोघींचा गौरव योग्यच झाला. पण ज्या वर्षांत खरी ओढाताण होती, त्या वर्षांच्या हिशेबानं हे वरातीमागून घोडं झालं. गोल्डमनचं एक वेळ सोडा, तो कर्तृत्वाचा सन्मान म्हणूनच दिला जातो. ‘उदयोन्मुख’ तरुणांसाठी म्हणून काढलेले पुरस्कारही ‘आतापर्यंत काय साध्य केलंत?’ हेच पहिलं विचारतात, ते खटकतं.

संवर्धनाच्या कामात साध्य निदान दाखवता तरी येतं. आसामात पूर्णिमादेवी बर्मन यांनी हरगिला पक्ष्यासाठी गावातल्या बायकांची फळी उभी केली. ज्या झाडांवर घरटी असत ती लोक तोडून टाकायचे, तिथे आता पक्ष्याचं डोहाळजेवण होतं. घरटी मोजता येतात, त्यामुळे काम वाढलं की आकडाही वाढतो. पर्यावरण-न्यायाच्या लढ्याचं तसं नाही. कारखाना आला नाही, विषारी राख पडली नाही, मुलं आजारी पडली नाहीत, म्हणजे जे घडलंच नाही तेच त्यातलं यश. ते अर्जाच्या रकान्यात लिहायचं कसं?

शिवाय या लढ्यांत हारही होते. 1982 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन काउंटीत, बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब वस्तीच्या भागात, पीसीबी या विषारी रसायनानं दूषित झालेली माती पुरायचं ठरलं. लोक ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले. 500हून अधिक जणांना अटक झाली. तरीही माती तिथेच पुरली गेली आणि जागेची सफाई पूर्ण व्हायला दोन दशकं लागली. अमेरिकेतली पर्यावरण-न्यायाची चळवळ तिथूनच उभी राहिली असं आज सगळे मानतात. पण 1983मध्ये कुणी अर्ज मागवले असते, तर त्या तरुण कार्यकर्त्यांनी ‘परिणाम’ या मथळ्याखाली काय भरलं असतं?

दुसरा मुद्दा पैशाच्या वापराचा. अशा निधीच्या अंदाजपत्रकांत प्रशिक्षण, छपाई, प्रवास, साहित्य यांना सहसा हरकत नसते. अर्जदाराच्या स्वतःच्या मानधनाची ओळ आली की मात्र भुवया उंचावतात. म्हणजे कार्यशाळेच्या फलकाला पैसे आहेत, पण ती घेणाऱ्या मुलीच्या घरभाड्याला नाहीत. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासायचा खर्च, माहिती मागवण्याचं शुल्क, वकिलाची फी, तारखेला जायचं तर बुडणारी मजुरी, खरा पैसा इथे जातो. यातलं काहीच फोटोत येत नाही. परिणामी टिकतात ती घरून आधार असलेली मुलं. ज्यांच्या वस्तीत धूर येतो ती पोटापाण्यामागे लागतात, आणि त्यांच्या वतीनं दुसरंच कुणीतरी व्यासपीठावर बोलतं.

विनाअट पैसा दिला की उधळला जाईल, ही भीती मला पटत नाही. भोपाळच्या रशिदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना 2004मध्ये गोल्डमन पुरस्काराचे सव्वा लाख डॉलर मिळाले. त्यातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला. वायुकांडाच्या आणि दूषित पाण्याच्या झळा पोचलेल्या कुटुंबांतल्या अपंग मुलांवर तिथे उपचार होतात. गरज कुठे आहे हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

सुरक्षिततेबद्दलही लिहायला हवं. होंडुरासच्या पर्यावरण कार्यकर्त्या बेर्ता कासेरेस यांना 2015मध्ये गोल्डमन मिळाला आणि मार्च 2016मध्ये त्यांच्या राहत्या घरी त्यांची हत्या झाली. प्रसिद्धीचं कवच पुरतंच असं नाही. विशीतल्या मुलाचं नाव जगभर छापणाऱ्यांनी कायदेशीर मदतीची आणि गरज पडली तर सुरक्षित जागेची तरतूद पुरस्काराबरोबरच केली पाहिजे.

तेव्हा निधी देणाऱ्यांना आपल्या पत्रातून एवढं कळवावंसं वाटतं: एका वर्षाच्या मोठ्या रकमेपेक्षा तीन-चार वर्षं पुरेल असं दरमहा मानधन द्या, खर्चाच्या अटी कमी करा, अर्ज अर्जदाराच्या भाषेत, हवं तर तोंडी घ्या, आणि लढा हरला म्हणून हप्ता थांबवू नका. आपल्या बातमीदारांनाही एक विनंती. पुढच्या वेळी विजेत्याची मुलाखत घ्याल तेव्हा प्रेरणा कुठून मिळाली हे जरूर विचारा, पण पुरस्कार मिळेपर्यंत घर कसं चाललं, हेही विचारा आणि उत्तर छापा.

आपली,
एक वाचक