पोस्टडॉकचे पैसे वेळेवर द्या

मा. संपादक,

पीएचडी झाली की पोर मार्गी लागलं असं आपल्याकडे घरोघरी समजतात, पण खरी ओढाताण तिथून पुढे, पोस्टडॉकला (म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी करायच्या संशोधनाच्या कामाला) लागल्यावर सुरू होते. माझी भाची केमिस्ट्रीत पीएचडी करून एका संस्थेत रिसर्च असोसिएट आहे, १ जानेवारी २०२३ पासून या पदाला सरकारने महिना ५८ हजार ते ६७ हजार ठरवलेत आणि घरभाडं वेगळं, कागदावर चांगलंच आहे, पण पैसे दर महिन्याला येतातच असं नाही. प्रोजेक्टचा पुढचा हप्ता सुटायचा तर आधी मागच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामालाच वापरले याचा दाखला) वर जायला लागतं, त्यात एक सही राहिली की फाइल परत, आणि तोवर ही मुलं उसने पैसे घेऊन रूमचं भाडं भरतात आणि लॅबमध्ये रात्री दहापर्यंत उभी असतात.

राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप तर दोनच वर्षांची, वयाची अट ३५ (महिलांना आणि राखीव प्रवर्गाला ५ वर्षं सवलत आहे, हे बरं केलंय). याच वयात लग्न, मूल, आईवडिलांची आजारपणं. इकडे विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावर माणसं घेऊन भागवायचं, मग ही मुलं जर्मनी-अमेरिकेला नाही जाणार तर काय करणार?

निदान एवढं तरी करा, हप्ता रखडला तर संस्थेने स्वतःच्या फंडातून दर महिन्याला पैसे द्यावेत आणि ग्रँट आली की वळते करून घ्यावेत.

– एक मामा, पुणे