शिट्टी थांबली तेव्हा

प्रिय दोस्ता,

वर्षभर एक ओळ लिहिली नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. आता अंथरुणाला खिळल्यावर आठवण झाली म्हणून चिडशील. चीड, तुझा हक्क आहे. उजव्या नडगीत सळई घातली आहे, तीन महिन्यांत चालेन म्हणतात. तब्येतीचं एवढंच.

घळीतून एकटा उतरत होतो. ज्या धोंड्याला धरलं तोच निसटला आणि घसाऱ्यावरून मी थेट ओढ्याच्या काठी. मोबाइलला रेंज नव्हती आणि कुठे जातोय ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आपलं ते भांडण आठवतं? अ‍ॅरन राल्स्टनवरून झालेलं? २००३ साली अमेरिकेत, युटातल्या घळीत दगडाखाली हात अडकून पाच दिवस काढले, शेवटी स्वतःचा हात कापून तो बाहेर आला. मी त्याच्या हिमतीचं कौतुक करत होतो आणि तू एकच धरून बसलास, ‘निघताना सांगून गेला असता तर लोक आधीच शोधायला निघाले असते.’ त्या रात्री एका तंबूत पाठीला पाठ लावून झोपलो आपण. तुझं बरोबर होतं रे.

सरपटत पाण्यापासून लांब गेलो. काठी पट्ट्यांनी पायाला बांधली, होते तेवढे कपडे चढवले, जमिनीचा गारठा वर येऊ नये म्हणून सॅक अंगाखाली घेतली. मग तुझी शिट्टी. तीच, सॅकच्या पट्ट्याला तू बांधलेली नारिंगी. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. तुझं घोरणं दोन डोंगर ओलांडून जातं, पण ही त्याहूनही लांब जाते.

रात्री इतकं हुडहुडलो की शिट्टी दातांवर आपटत होती. मग कधीतरी थरथर थांबली. दुखणं लांब कुठेतरी गेलं, छान वाटायला लागलं. तेवढ्यात वरच्या धारेवर दोन दिवे हलताना दिसले. शिट्टी हातात होती. मी वाजवली नाही. ‘नको, राहू दे’ हे शब्द मला स्पष्ट आठवतात. दिवे हलत हलत दिसेनासे झाले आणि मी नुसता बघत राहिलो.

उन्हं घळीत उतरली तेव्हा पुन्हा थरथर सुटली आणि मी वेड्यासारखा शिट्टी फुंकू लागलो. ज्यांनी मला वर काढलं ती रात्रीचीच माणसं. ‘शिट्टी ऐकून निघालो होतो, पण ती मध्येच थांबली, म्हणून परत फिरलो,’ म्हणाले. मी मान हलवली, बस.

डॉक्टरांना आडून आडून विचारलं. अंगाचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की डोकं चालत नाही, आणि त्याहून खाली गेल्यावर थरथर थांबते, ते वाईट लक्षण, म्हणाले. मी हो म्हणालो. पण त्या पावसाळ्यात मी कसा होतो ते त्यांना माहीत नाही. तुला आहे. पहाटेपर्यंत माझ्याजवळ बसून होतास तू. ‘राहू दे’ असंच तेव्हाही म्हणालो होतो, याच शब्दांत. मग त्या रात्री घळीत कोण बोललं, थंडी की तोच मी? घरी येणारा प्रत्येक जण माझ्या जिद्दीचं कौतुक करून जातो. आई तर सगळ्यांना रंगवून सांगते. मला तिच्याकडे बघवत नाही.

तुझी बदली झाली म्हणे. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटी शाळेत जायला लागली असेल. सगळं कळव.

पण आधी ये. शनिवारी दुपारी घरात कुणी नसतं. फोनवर यातलं काही विचारू नकोस, आई शेजारीच बसलेली असते.

तुझाच